चार बाय सहाच्या बाथरूममध्ये सामान बसवायचं कसं? नागपूरच्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

लहान बाथरूममधली खरी ओढाताण जमिनीवर असते. वीस लिटरची बकेट, एक टब, बसायला पाट किंवा प्लॅस्टिकचा स्टूल, उन्हाळ्यात नळाचं पाणी धरून ठेवायला पन्नास-शंभर लिटरचा ड्रम, आणि मार्च ते जून कूलरमध्ये पाणी भरायचा पाइप. चार बाय सहा म्हणजे २४ चौरस फूट. त्यातले पाच-सहा कमोड आणि त्याच्या पुढच्या जागेत गेले, चार दरवाजा उघडण्यात. उरलेल्या जागेत अंघोळ, धुणं आणि पाणी भरणं सगळं करायचं.

म्हणून रॅक आणायला निघण्याआधी एक नियम ठरवा: बकेट, ड्रम आणि स्टूल सोडून जमिनीवर काहीही राहणार नाही, सगळं भिंतीवर जाईल. आणि भिंतीवरचं किती दिवस टिकेल, हे रॅकच्या रूपावर अवलंबून नसतं. ते भिंतीतला स्क्रू आणि घरात येणारं पाणी ठरवतं. लोकांचा पैसा रॅकवर जातो आणि स्क्रू डब्यातला फुकटचा लागतो. पहिल्या पावसाळ्यातच टाइलवरून गंजाची तपकिरी रेघ खाली येते ती त्यामुळेच.

आधी पसारा, मग माप

बाथरूममधली प्रत्येक वस्तू बाहेर काढा आणि तीन ढीग करा. पहिल्यात ओलं झालं तरी चालणारं: साबण, शाम्पू, वजरी, मग, धुण्याचा ब्रश. दुसऱ्यात कोरडंच हवं असं: टॉवेल, आतले कपडे, सॅनिटरी पॅड, शिकेकाई-उटण्याच्या पुड्या, ब्लेड, जादाचे साबण. तिसऱ्यात इथे नकोच असं: औषधं, हेअर ड्रायर, संपलेल्या बाटल्या. औषधांना वाफ आणि उष्णता दोन्ही बाधतात, त्यामुळे त्यांची जागा खोलीतल्या कपाटात. तिसरा ढीग बाहेर गेला की अर्ध्या घरांत एका रॅकची गरजच संपते.

मग पाण्याचा नकाशा काढा. सकाळी सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर लगेच आत जाऊन भिंती बघा. जिथपर्यंत शिंतोडे आहेत तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. तीन दिवस असंच करा. बकेटने अंघोळ होत असेल तर ओला पट्टा साधारण तीन-साडेतीन फुटांपर्यंत असतो, शॉवर असेल तर त्या कोपऱ्यात तो सहा-साडेसहा फुटांपर्यंत चढतो. टेपच्या आत फक्त पहिला ढीग बसेल. दुसरा ढीग टेपच्या वर किंवा दरवाज्याच्या बाजूच्या भिंतीवर. कागदावर चारही भिंती काढून त्यात नळ, गिझर, स्विच, व्हेंटिलेटर आणि दरवाज्याची फिरण्याची बाजू मांडा. ही पंधरा मिनिटं वाचवली, तर रॅक लागल्यावर दार पूर्ण उघडत नाही हे कळायला उशीर होतो.

उंची आपल्या सवयीनुसार

तयार रॅकच्या खोक्यावरची चित्रं शॉवरखाली उभ्या माणसासाठी असतात. आपल्याकडे अजूनही बरेच जण स्टूलवर बसून बकेटनं अंघोळ करतात. साबणदाणी चार फुटांवर लागली की बसलेल्या माणसाला दर वेळी उठावं लागतं आणि साबण शेवटी जमिनीवरच येतो. बसून अंघोळ असेल तर साबणदाणी २० ते २४ इंचांवर, नळाच्या उजव्या किंवा डाव्या हाताला लावा. शॉवर असेल तर ४२ ते ४८ इंच. दोन्ही असेल तर दोन साबणदाण्या लावा, त्यात कंजूषी नको.

बाकीची मापं अशी: मोठ्यांच्या टॉवेलचे हुक ६६ इंचांवर, मुलांचे ४२ इंचांवर. टॉवेलची दांडी ६० इंचांवर. दोन हुकांमध्ये किमान ७ इंच अंतर, नाहीतर ओला टॉवेल दुसऱ्याला चिकटून दोन्ही कुबट होतात. जाड टर्किश टॉवेल हुकावर नीट वाळत नाही, त्याला पसरायला दांडीच लागते. २४ इंचाच्या दांडीवर असा एक टॉवेल नीट पसरतो. दोन कोंबले तर श्रावणात दोन्ही ओले. सुती दुपट्टा किंवा पंचा मात्र एका हुकावरही लवकर वाळतो, जागाही घेत नाही. लहान बाथरूममध्ये टॉवेल बदलणं हीसुद्धा साठवणच आहे.

पाणी बघून साहित्य निवडा

पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी त्या मानानं सौम्य. बोअरचं पाणी मात्र जड असतं आणि वाळलं की पांढरा क्षार सोडतं. शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांत बोअरवरच वापर असेल, तर निवड बदलते.

काळ्या मॅट रंगाचे रॅक सध्या फार चालतात. दुकानात ते सुंदर दिसतात. बोअरच्या पाण्यात आठ दिवसांत त्यांवर पांढऱ्या थेंबांची नक्षी उमटते आणि ती रोज पुसावी लागते. ओल्या पट्ट्यात काळं नकोच. तिथे ब्रश-फिनिश स्टील किंवा पांढरं एबीएस प्लॅस्टिक ठेवा आणि काळ्याची हौस कोरड्या भिंतीवर भागवा.

स्टीलमध्ये ३०४ दर्जा मागा. स्वस्त मालात बहुधा २०२ असतं आणि ते गंज धरतं. चुंबक लावून बघा असं सांगितलं जातं, पण ३०४ आणि २०२ दोन्ही चुंबकाला जवळपास चिकटत नाहीत. चुंबकानं साधं लोखंड पकडलं जातं, हा फरक नाही. त्यापेक्षा जोड बघा: वेल्डिंगच्या जागी काळपट डाग किंवा खडबडीत टोक असेल तर गंज तिथूनच सुरू होतो. क्रोम चढवलेलं लोखंड घेऊच नका, एक ओरखडा पडला की आतून फुगतं.

फळीसाठी एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड अजिबात नको, ते पाणी पिऊन पावासारखे फुगतात. प्लायवूडच हवं असेल तर आयएस ७१० शिक्का असलेलं मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा लॅमिनेटनं किंवा पट्टीनं बंद करा, कारण पाणी कडेतूनच शिरतं. १८ मिलिमीटरचा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेला) बोर्ड यापेक्षा सोपा: कुजत नाही, वाळवी लागत नाही. लकडगंजच्या प्लायवूडवाल्यांकडे कापलेले तुकडे विचारा, बाथरूमला अख्खी शीट लागत नाही. मात्र आधाराशिवाय दोन फुटांपेक्षा लांब फळी मध्ये झुकते, हे धरून ब्रॅकेट मोजा.

काचेची फळी हवी असेल तर ८ मिलिमीटर टफन्ड. भोकं आणि माप आधीच पक्कं करून द्या. टफन केल्यानंतर काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही; प्रयत्न केला तर सगळी चुरा होते.

वेताची किंवा बांबूची टोपली छायाचित्रात छान दिसते. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते. हौस असेल तर दरवाज्यावरच्या कोरड्या फळीवर ठेवा आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा गच्चीवर उन्हात काढा.

टाइलमध्ये भोक पाडणं

सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

लागणारं सामान: ड्रिल मशीन, ६ मिलिमीटरची भाल्यासारख्या टोकाची टाइल-काच बिट, ६ मिलिमीटरची साधी मेसनरी (विटा-सिमेंटसाठीची) बिट, मास्किंग टेप, लेव्हल, ६ बाय ५० मिलिमीटरच्या नायलॉन गिट्ट्या (स्क्रू धरायला भोकात ठोकायच्या नळ्या), ८ नंबरचे २ इंची स्टेनलेस स्क्रू आणि बुरशीरोधक सिलिकॉनची एक ट्यूब. भिंतीला विट्रिफाइड टाइल असेल तर भाल्याची बिट घासून जाते. तिथे ६ मिलिमीटरची डायमंड बिट लागते आणि ती पाणी शिंपडत चालवावी लागते. हे सगळं इतवारीच्या लोहा ओळीत किंवा जवळच्या हार्डवेअरमध्ये मिळतं. रॅकसोबत आलेले स्क्रू-गिट्ट्या बाजूला ठेवा. चांगल्या स्क्रूचा जादा खर्च म्हणजे तर्री-पोह्याच्या एक-दोन प्लेट.

गिट्टी ५० मिलिमीटरचीच का? भिंतीची टाइल ८ मिलिमीटर, मागचा सिमेंटचा थर १५ ते २० मिलिमीटर. म्हणजे पहिला इंच टाइल आणि माल यांतच संपतो. एक इंची गिट्टी विटेपर्यंत पोचतच नाही. स्क्रू आवळला की ती टाइलच्या आत फुगते आणि टाइलला तडा जातो. गिट्टीचं तोंड टाइलच्या पृष्ठभागापेक्षा किमान एक सेंटिमीटर आत गेलं पाहिजे.

पाइप कुठे आहे ते आधी ठरवा. प्लंबर बहुधा सरळ रेषेत जातो: नळ, शॉवर किंवा मिक्सरपासून सरळ वर, सरळ खाली, आणि गिझरपासून मिक्सरपर्यंत उभा. या प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंनी चार-चार इंच सोडा. गिझरचा आणि एक्झॉस्टचा पॉइंट ते स्विचबोर्ड यांमधली उभी-आडवी रेषाही सोडा. काम सुरू करण्याआधी बाथरूमचा एमसीबी खाली करून ड्रिल दुसऱ्या खोलीतल्या पॉइंटवरून चालवा. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व कुठे आहे आणि तो फिरतो का, हेही आधीच बघून ठेवा. पाइपला भोक पडलंच तर पहिलं काम व्हॉल्व बंद करणं, मग नळ उघडून लाइन रिकामी करणं, मग प्लंबर. एमसील दाबून वेळ मारून नेली तर भिंत आतून भिजत राहते आणि सहा महिन्यांनी शेजारच्या खोलीचा रंग सुटतो.

आता भोक. जागेवर बोटाच्या पेरानं टकटक करा. पोकळ आवाज आला तर त्या टाइलमागे माल भरलेला नाही. तिथे स्क्रू नको, बाजूची टाइल घ्या. टेपची फुली चिकटवून त्यावर खूण करा, म्हणजे बिट घसरत नाही. टाइलच्या कडेपासून एक इंच तरी आत या. सांध्यात भोक पाडावं असं काही जण सांगतात, पण आजचे सांधे दोन मिलिमीटरचे आणि बिट सहाची, म्हणजे दोन टाइलच्या कडा एकदम उडायच्या.

मशीनचा हॅमर (ठोके देणारी सेटिंग) बंद. स्पीड कमी. भाल्याची बिट सरळ धरून हलक्या दाबानं चालवा, टाइल पार झाली की हाताला लगेच कळतं. मग बिट बदला, मेसनरी लावा आणि तेव्हाच हॅमर सुरू करा. बहुतेक टाइल या एका आळसानं फुटतात: बिट बदलायचा कंटाळा आणि पहिल्या सेकंदापासून हॅमर.

निघणारी पूड बघा. लाल आली तर मातीची वीट, उत्तम. राखाडी आणि मध्यम कडक असेल तर बहुधा राखेची वीट. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांमुळे इकडच्या बांधकामात ती भरपूर वापरली जाते, पकडही चांगली देते. पांढुरकी, भुसभुशीत आणि बिट लोण्यात गेल्यासारखी चालली तर एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र सिमेंटचा ब्लॉक): तिथे हॅमर बंद ठेवा आणि ब्लॉकसाठीच्या वेगळ्या लांब गिट्ट्या आणा, साध्या गिट्ट्या महिन्याभरात ढिल्या होतात. बिट पुढेच सरकत नसेल तर समोर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आहे. जोर लावू नका, जागा दोन-चार इंच हलवा.

भोक ६० मिलिमीटर खोल हवं. बिटवर तेवढ्या अंतरावर टेप गुंडाळली की अंदाज चुकत नाही. पूड फुंकून काढा, नाहीतर गिट्टी अर्ध्यावर अडते. भोकात सिलिकॉनचा थेंब सोडा आणि मग गिट्टी ठोका. हा थेंब कुणी सोडत नाही, पण टाइलमागे पाणी मुरायचं थांबतं ते त्यानंच. शेवटचे दोन फेरे मशीननं देऊ नका, हातानं स्क्रू आवळा. रॅकला दोन स्क्रू असतील तर दोन्ही अर्धे बसवा, लेव्हल बघा, मग पूर्ण आवळा.

गिट्टी फिरू लागली तर काडेपेटीच्या काड्या कोंबायचा जुना उपाय बाथरूममध्ये चालत नाही, लाकूड फुगतं आणि कुजतं. गिट्टी काढा, भोक साफ करा, हळू वाळणारा अ‍ॅराल्डाइट लावून नवी गिट्टी बसवा, आणि २४ तासांनंतरच स्क्रू फिरवा.

जागा कुठे लपलेली असते

दरवाज्याच्या वरची भिंत हा लहान बाथरूमचा सज्जा. चौकट सात फुटांवर संपते, छत साडेनऊ-दहावर. तिथे भिंतीएवढी, म्हणजे चार फूट लांब आणि १० इंच रुंद डब्ल्यूपीसी फळी तीन ८ इंची ब्रॅकेटवर टाका: एक मध्ये, दोन टोकांपासून सहा-सहा इंच आत. ब्रॅकेटला ८ मिलिमीटरची गिट्टी आणि १० नंबरचा २ इंची स्क्रू. फळीच्या पुढच्या कडेला एक इंचाची पट्टी लावा, म्हणजे वस्तू डोक्यावर येत नाहीत. इथे बहुधा टाइल संपलेली असते, प्लास्टरमध्ये काम सोपं जातं. टॉवेल, साबणाची जादा पाकिटं, टिश्यू, सॅनिटरी पॅड असं हलकं आणि कोरडं सामान ठेवा, दहा-बारा किलोंच्या आत. वरच्या मजल्याच्या बाथरूमचे पाइप लपवायला फॉल्स सीलिंग केलेलं असेल, तर त्यावर काहीही ठेवू नका आणि त्याला काहीही लटकवू नका.

दाराच्या आतल्या बाजूला हुक लावताना दार कशाचं आहे ते बघा. फ्लश डोअर स्क्रू धरतं. पीव्हीसीचं पोकळ दार धरत नाही. तिथे वरून अडकवायचा हुकांचा पट्टा घ्या, पण दार आणि चौकट यांत वर दोन-तीन मिलिमीटर फट आहे का ते आधी तपासा, नाहीतर दार लागतच नाही. ओले जाड टॉवेल दारावर नकोत, वजनानं बिजागऱ्या उतरतात.

फ्लश टाकीच्या वर दोन फूट रुंद पट्टा मोकळाच असतो. टाकीच्या झाकणावर १० ते १२ इंच सोडून मगच फळी किंवा कपाट सुरू करा, कारण फ्लोट बिघडला की झाकण उघडायला हात जायला हवा. कपाटाची खोली ७ इंचांपेक्षा जास्त नको, उठताना डोकं लागतं.

गिझरच्या खाली कोपऱ्यात जागा दिसते, मोह होतो. २५ लिटरचा गिझर भरल्यावर पस्तीस किलोंच्या आसपास जातो, त्याच्या हुकांना किंवा पाइपांना काहीही लटकवू नका. खालच्या सेफ्टी व्हॉल्वमधून गरम पाणी सुटू शकतं, म्हणून तिथे प्लॅस्टिकची फळीही नको. व्हेंटिलेटर आणि एक्झॉस्टपुढे तर एक डबाही नको. बंद बाथरूमच्या आत गॅस गिझर असेल तर हा प्रश्न साठवणीचा उरत नाही, जिवाचा होतो. तो गिझर आधी बाहेर काढा.

बेसिनखाली कपाट करायचं तर ते जमिनीपासून सहा इंच वर टांगा, म्हणजे वायपर खालून फिरतो. सायफनभोवती (बेसिनखालच्या वाकड्या नळीभोवती) हात जाईल एवढी मोकळीक ठेवा.

रिकामी बकेट, टब आणि स्टूल भिंतीवर टांगता आले तर अंघोळीशिवायच्या वेळी जमीन पूर्ण मोकळी राहते. त्यासाठी चार फुटांवर दोन जाड हुक, १० नंबरच्या स्क्रूसह. कूलरचा पाइप हात-दीड हाताच्या वेटोळ्यात गुंडाळून असाच एका हुकावर ठेवा, आत राहिलेलं पाणी झटकून; पाइपात पाणी साचलं की शेवाळ धरतं. ड्रमला घट्ट झाकण हवंच, नाहीतर आठवड्याभरात डास.

कोपऱ्यातला दगड: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात टिकाऊ

ग्रॅनाइटच्या दुकानात ओट्याचे उरलेले तुकडे पडलेले असतात. ९ बाय ९ इंचांचे त्रिकोण कापून, पुढची कड गोल पॉलिश करून मागा. १८ मिलिमीटर जाडीचा असा तुकडा सव्वा किलोच्या आसपास भरतो. त्याला गंज लागत नाही आणि त्यात मोडण्यासारखं काही नसतं. कोटा किंवा कडप्पा स्वस्त मिळाला तरी तो चुनखडीचा दगड; अ‍ॅसिडच्या एका थेंबानं त्यावर चट्टा पडतो. इथे ग्रॅनाइटच घ्या.

बसवायची पद्धत: कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींवर लेव्हलनं रेघ काढा. चार इंची ग्राइंडर आणि डायमंड ब्लेडनं २० मिलिमीटर रुंद आणि एक इंच खोल खाच पाडा. पाइपची रेषा टाळा, आणि जमिनीपासूनच्या पहिल्या फुटात खाच नको, तिथे वॉटरप्रूफिंगचा थर असतो. धूळ फार उडते: मास्क, चष्मा, आणि दाराला ओली चादर. खाच झाडून ओली करा, टाइल अ‍ॅडेसिव्ह ठासून भरा, दगड आत सरकवा. पुढच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर उतार ठेवा, नाहीतर साबणाचं पाणी मागच्या कोपऱ्यात साचून काळं पडतं. खालून लाकडाचा टेकू २४ तास, आणि सामान तीन दिवसांनी. शेवटी सांध्यावर सिलिकॉन. एकावर एक दोन दगड लावायचे तर मध्ये १२ इंच सोडा, मोठी पंपाची बाटली उभी राहते.

बाथरूम नव्यानं करत असाल तर भिंतीतच कोनाडा काढा. आपल्या जुन्या घरांत दिव्यासाठी असायचा तसाच, फक्त शाम्पूसाठी. पण तो ९ इंची भिंतीतच होतो. साडेचार इंची भिंतीत कोनाडा म्हणजे पलीकडच्या खोलीत खिडकी! १२ इंच रुंद, १४ इंच उंच, तयार खोली साडेतीन-चार इंच. आत १:४ प्लास्टर (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), त्यावर पॉलिमर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, कोपऱ्यांत जाळीची पट्टी, मग टाइल. तळाला सांधा नसलेला एकच ग्रॅनाइटचा तुकडा, बाहेर उतार देऊन. कोनाड्याच्या कडा टाइलच्या सांध्यांशी जुळवून घ्या. महागड्या कामाचा भास निम्मा त्यातूनच येतो. काँक्रीटच्या साच्यातल्या भिंती असलेल्या नव्या इमारतीत मात्र छिन्नी लावायची नाही.

पीव्हीसी पाइपची टॉवेल शिडी

तयार दांडीपेक्षा स्वस्त आणि दिसायला नेटकी. पाऊण इंची यूपीव्हीसी पाइपच्या १० फुटांच्या दोन लांब्या, ६ टी, २ एल्बो, २ एंड कॅप, यूपीव्हीसीचंच सॉल्व्हंट सिमेंट आणि २ क्लॅम्प आणा. सीपीव्हीसीचं सॉल्व्हंट वेगळं असतं, दुकानात नीट बघून घ्या.

पहिल्या लांबीतून १३ इंचांचे ६ आणि १८ इंचांचे २ तुकडे. दुसरीतून १६ इंचांचे ४. दुसरीतला साडेचार फुटी तुकडा उरेल. आधी सगळं कोरडंच जोडून जमिनीवर ठेवा: वरच्या पायरीला दोन एल्बो, खालच्या तिन्हींना टी, मधे १३ इंची तुकडे, खाली १८ इंची पाय आणि त्यांना कॅप. वाकडं नाही याची खात्री झाली की प्रत्येक सांध्यावर पेन्सिलनं रेघ ओढा, सुटं करा आणि एकेक सांधा सॉल्व्हंट लावून रेघ जुळवत पंधरा सेकंद दाबून धरा. सॉल्व्हंट धरलं की पुन्हा फिरवून सरळ करता येत नाही, म्हणून रेघा आधी.

पाइपवरची छपाई अ‍ॅसिटोननं पुसून जाते. रंग द्यायचा तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, प्लॅस्टिक प्रायमर मारा, मग स्प्रेचे दोन पातळ हात. शिडी तिरकी टेकवून वरच्या टोकांना क्लॅम्प लावा. टॉवेल, दुपट्टे, बनियन एवढंच. तिच्यावर चढायचं नाही हे मुलांना सांगून ठेवा.

भाड्याचं घर असेल तर

घरमालक भोक पाडू देत नसेल तर चिकटवायचे हुक आणि रॅक हाच मार्ग. ते पडतात म्हणून बदनाम आहेत, पण दोष बहुधा लावणाऱ्याचा. टाइलवर साबणाचा आणि क्षाराचा अदृश्य थर असतो. आधी पाण्यात लिंबाचं फूल (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवून पुसा, धुवा, वाळवा, मग स्पिरिटनं पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. सांध्यावर, खडबडीत टाइलवर किंवा रंगावर लावू नका. अर्धा मिनिट दाबा आणि २४ तास, जमलं तर तीन दिवस, वजन टाकू नका. लोक संध्याकाळी लावतात आणि रात्रीच शाम्पूच्या चार बाटल्या ठेवतात.

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर मात्र हे टिकणं अवघड. मे महिन्यात दुपारी ती टाइल हाताला पोळते आणि गोंद मऊ पडून रॅक हळूहळू खाली सरकतो. आतल्या भिंती निवडा. व्हॅक्यूम कपवाले रॅक तर कुठेच नकोत. घर सोडताना हेअर ड्रायरनं गोंद गरम करा आणि मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवा, टाइलला ओरखडा न पडता निघतो.

दिसायला नीट

एका बाथरूममध्ये एकच धातूचा रंग आणि प्लॅस्टिकचा एकच रंग. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून आणलेल्या पांढऱ्या टोपल्याही एकाच मापाच्या चार असल्या की छान दिसतात. हिरवी, गुलाबी आणि निळी एकेक असली की तेवढ्याच पैशांत पसारा. प्रत्येकाची एक टोपली आणि एक हुक. दांड्या, फळ्या टाइलच्या आडव्या सांध्याशी समांतर ठेवा. आणि हुकांची एखादी जागा रिकामी सोडा, पाहुणे आले की लागते.

कोपऱ्याचे दोन दगड, दरवाज्यावरची फळी, एक दांडी, हुक, शिडी आणि एका दिवसाची मजुरी धरून साधारण चार-पाच हजारांत बसतं. सगळं एकदम जमत नसेल तर दरवाज्यावरची फळी आणि जाड हुक आधी, दगड त्यानंतर, शिडी शेवटी.

साफसफाईचं सामान आणि निगा

अ‍ॅसिड आणि टॉयलेट क्लीनर डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नका, काढताना झाकण सुटलं तर चेहऱ्यावर येतं. जमिनीवरही नको, मुलं आहेत. छातीच्या उंचीवर, कडी लागणाऱ्या डब्यात किंवा कपाटात. ब्लीच वेगळ्या जागी: ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि चार बाय सहाच्या जागेत तो फार लवकर भरतो.

स्टीलच्या रॅकवर टॉयलेट क्लीनर कधीही लावू नका. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लानं ३०४ स्टीललाही बारीक खड्डे पडून गंज धरतो. क्षारासाठी लिंबाचं फूल, मगभर कोमट पाण्यात दोन चमचे, दहा मिनिटं ठेवून मऊ कापडानं. तारेची घासणी नको, तिचे कण चिकटून तेच गंजतात.

पावसाळ्याआधी, मृग लागायच्या सुमारास, एकदा प्रत्येक रॅक हातानं हलवून बघा. हलला तर स्क्रू नुसता आवळू नका; काढा, गिट्टी तपासा, नवा सिलिकॉन भरा आणि परत लावा.